परका पेरू आणि घरची जेली

एकादशीच्या दिवशीं महाराष्ट्रांतील एखाद्या जुन्या वळणाच्या घरांत फराळाचें जें ताट वाढलें जातें, तें इतिहासाच्या दृष्टीनें मोठें मौजेचें आहे. त्या ताटांत बटाट्याची भाजी असते, दाण्याची आमटी असते, साबुदाण्याची खिचडी असते, तिला चव आणणारी हिरवी मिरची असते आणि शेवटीं फोडी करून ठेवलेला एखादा पेरू असतो. बटाटा, भुईमूग, मिरची, साबुदाणा हल्लीं ज्या कंदापासून काढतात तो कंद आणि पेरू, हीं सारीं मूळचीं अमेरिकेंतलीं. सहाशें वर्षांपूर्वीं ह्यांतील एकही जिन्नस ह्या देशांत कोणाला ठाऊक नव्हता. उपासाच्या दिवशीं मोहरीचा दाणाही वर्ज्य मानणाऱ्या आजीबाईंनीं हे परदेशस्थ मात्र निःशंकपणें पदरांत घेतले.

परंतु पेरूच्या बाबतींत एक विसंगति दिसून येते. फळ थेट देवघरापर्यंत गेलें. पण त्याच फळापासून होणारी जेली दीर्घकाळ उंबरठ्याबाहेर तिष्ठत राहिली. ती साहेबाच्या टेबलावरची, फार तर गोव्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या नाताळांतली वस्तु, अशीच तिच्याविषयीं समजूत होती. एकाच झाडाच्या फळाला आंत घ्यावें आणि त्याच्या रसाला बाहेर ठेवावें, ह्यामागें नुसता सोंवळ्याओंवळ्याचा प्रश्न नव्हता. तो समजावयाचा तर पेरूच्या प्रवासाबरोबरच त्याचा पाक घोटणाऱ्या हातांचाही मागोवा घ्यावा लागतो.

पेरू हें नांव दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशावरून पडलें असावें, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती सुचण्यासारखी आहे, पण खरी नव्हे. पोर्तुगीज भाषेंत नासपतीला ‘पेरा’ म्हणतात. गोव्यांत आलेल्या पोर्तुगिजांना ह्या फळाचा आकार पाहून मायदेशच्या नासपतीची आठवण झाली आणि त्यांनीं तेंच नांव त्याला दिलें. कोंकणींतील पेर, मराठींतील पेरू, बंगालींतील पेयारा आणि मलयाळींतील पेरक्का हीं सारीं त्या एका शब्दाचीं लेकरें. आश्चर्य असें कीं, उत्तर हिंदुस्थानांतही नेमकें हेंच घडलें. हिंदीमध्यें पेरूला अमरूद म्हणतात. आणि अमरूद ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थही नासपती असाच आहे. एकमेकांशीं कांहीं संबंध नसलेल्या दोन परक्या समाजांनीं एका तिसऱ्या परक्या फळाला आपापल्या गांवच्या फळाचें नांव दिलें. विदर्भांतील माणसानें त्याला जांब म्हटलें आणि गुजराथेंतील माणसानें जामफळ; त्यांनींही आपल्या ओळखीच्या फळाशींच त्याचें नातें जोडलें. उत्तरेकडे कोठें कोठें त्याला ‘सफरी आम’, म्हणजे प्रवास करून आलेला आंबा, असेंही म्हणत. त्याचें खरें जन्मनांव ‘ग्वायाबा’. तें वेस्ट इंडीजच्या बेटांतील मूळ रहिवाशांच्या भाषेंतलें. तें स्पॅनिश लोकांनीं उचललें आणि पुढें इंग्रजींत त्याचा ‘ग्वाव्हा’ झाला.

नांवासाठीं ज्यांना नासपती आठवली, त्यांना पाकासाठीं दुसरेंच एक फळ आठवलें. त्या फळाला पोर्तुगीज भाषेंत ‘मार्मेलु’ म्हणतात. महाराष्ट्रांतील घरांत हें फळ कोणी खाल्लेलें नसतें, पण त्याचें बीं जुन्या लोकांच्या परिचयाचें आहे; काष्ठौषधींच्या दुकानांत ‘बिहीदाणा’ म्हणून मिळणारें, पाण्यांत भिजवलें म्हणजे बुळबुळीत होणारें बीं तें हेंच. बिहीचें फळ कच्चें असतांना इतकें तुरट आणि टणक असतें कीं दांत लावण्याची सोय नाहीं. परंतु साखरेंत शिजवलें कीं तें तांबूस रंगावर येतें, त्याला सुवास सुटतो आणि निवाल्यावर त्याची वडी पडते. हा गुण प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांना माहीत होता. ते तें मधांत मुरवीत. ग्रीक भाषेंतील ‘मधुफळ’ ह्या अर्थाच्या शब्दापासून मार्मेलु हा शब्द झाला आणि मार्मेलुच्या वडीला ‘मार्मेलादा’ हें नांव मिळालें. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही वडी लाकडी पेट्यांत भरून पोर्तुगालमधून इंग्लंडला जात असे. आज ज्या मार्मलेडमध्यें संत्र्याची साल असते, त्याचें नांव अशा रीतीनें बिहीच्या फळावरून आलेलें आहे.

मधाच्या जागीं साखर आली, तिचा मार्गही ह्या कथेंत येतो. ऊंस पिळून त्याच्या रसाची दाणेदार साखर करण्याची कला हिंदुस्थानची. संस्कृतांतील शर्करा इराणांत शकर झाली, अरबांच्या तोंडीं सुक्कर झाली आणि पोर्तुगालमध्यें असूकार झाली. फळें पाकांत मुरविण्याची विद्या अरब आणि इराणी लोकांनीं वाढविली. आपला मुरांबा हा अरबी मुरब्ब्याचाच वंशज. पंधराव्या शतकांत पोर्तुगिजांनीं मदेरा बेटावर उंसाची लागवड केली, नंतर ती आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर आणि पुढें ब्राझीलमध्यें नेली. तेथें उंसाच्या मळ्यांत आणि घाण्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतील माणसें पकडून आणलीं गेलीं. युरोपांत साखर स्वस्त झाली ती ह्या माणसांच्या जिवावर. बिहीच्या वडीला जी गोडी होती, तिच्यामागें हें कडू सत्य उभें होतें.

वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला पोहोंचला, १५०० सालीं हिंदुस्थानकडे निघालेला काब्राल वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें घेतलें. दहाबारा वर्षांत पृथ्वीच्या दोन टोकांना पोर्तुगिजांचे संसार सुरू झाले. ह्या दोन्ही ठिकाणीं उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस. बिहीच्या झाडाला दोन्ही मानवत नाहींत. फळ नाहीं तर मार्मेलादा कशाचा करावयाचा? ब्राझीलमधील पोर्तुगीज गृहिणीच्या परसांत पेरूचीं झाडें होतीं. त्याच्या गरांतही बिहीसारखाच घट्ट होण्याचा गुण आहे, असें अनुभवानें कळून आलें आणि त्याच्या वडीला ‘गोयाबादा’ हें नांव पडलें. गोव्यांत त्याच नमुन्यावर ‘पेरादा’ हा शब्द बनला. कोंकणींत ती पेराद झाली. आंब्याच्या रसाची जी वडी झाली, तिचें नांव मांगाड. फळें बदललीं, मुलूख बदलले, पण शब्दाचें शेपूट तेंच राहिलें. मायदेशाची आठवण माणसें नुसती मनांत ठेवीत नाहींत. हाताशीं असेल त्या सामग्रीनें ती पुन्हां उभी करतात.

पण ती उभी कोणी केली? ह्या प्रश्नाचें उत्तर एका डच माणसानें लिहून ठेवलें आहे. यान लिन्शोटेन हा तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८३ सालीं गोव्यांत आला आणि पांच वर्षें तेथें राहिला. १५९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांत गोव्यांतील पोर्तुगिजांच्या घरगुती व्यवहाराचें वर्णन आहे. घरोघरीं गुलाम होते. गुलाम स्त्रियांपैकीं कांहीं जणी हिंदुस्थानी फळांचे पाक आणि मुरंबे करीत, कांहीं जणी सुईकाम करीत; आणि त्यांतल्या तरुण आणि देखण्या मुलींना नटवून मालक तो माल रस्तोरस्तीं विकण्यासाठीं पाठवीत. माल पाहण्याच्या निमित्तानें गिऱ्हाइकानें मुलीला पाहावें, असा त्यांतील हेतु होता, हेंही तो झांकून ठेवीत नाहीं. संध्याकाळीं जो पैसा येई, त्यावर मालकाचा संसार चाले.

ह्या स्त्रियांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत. कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली, कोणी बंगालमधून, कोणी त्याहून पूर्वेकडून. त्यांना बिहीचें फळ कधीं दिसलें नव्हतें आणि मार्मेलादा म्हणजे काय हें मालकिणीच्या सांगण्यावरूनच कळलें असेल. सांगणारीचें बोलणें आणि हातांतलें फळ ह्यांचा मेळ घालून किती साखर, किती वेळ, किती आंच, ह्याचें माप त्यांना स्वतःच बसवावें लागलें. गोव्यांतील फळांच्या वड्यांचें शास्त्र रचणारीं पहिलीं माणसें तींच होत. १६०६ सालीं गोव्यांत सांता मोनिका हा जोगिणींचा मठ स्थापन झाला. पोर्तुगालांतील मठ मिठाईसाठीं प्रसिद्ध होतेच. तीच परंपरा येथेंही आली. पुढें शतकें लोटलीं. १८६९ सालच्या फर्मानानें पोर्तुगालच्या साऱ्या मुलखांतून गुलामाचा दर्जा कायद्यानें रद्द झाला. पण त्याच्या पुष्कळ आधीं ही विद्या मालकांच्या वाड्यांतून निघून गोव्याच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत रुजली होती. ज्या पाकाचा आरंभ परक्याच्या घरीं, परक्याच्या लाभासाठीं झाला, तोच पाक आतां आपल्या माणसांसाठीं घोटला जाऊं लागला.

पेराद करणें हें एकटीचें काम नव्हेच. नाताळ जवळ आला म्हणजे घरांतील मुलें झाडावरून पेरू उतरवितात, वडीलधाऱ्या स्त्रिया ते निवडतात. फळ उकडून चाळणींतून घासावें लागतें, तेव्हां कोठें बिया निघतात. मग गराबरोबर जवळजवळ तितकीच साखर घालून कढई चुलीवर चढवावयाची आणि लाकडी डावानें तळापासून ढवळीत राहावयाचें. घट्ट होऊं लागलेला गर उसळून हातावर उडतो आणि त्याचा चटका तेलाच्या चटक्यासारखा बसतो. म्हणून हाताला कापड गुंडाळतात आणि एकीचा हात दुखला कीं दुसरी पुढें होते. थांबणें मात्र चालत नाहीं. क्षणभर डाव थांबला तर तळ लागतो आणि साऱ्या कढईला करपट वास येतो. गर कढईच्या कडा सोडूं लागला म्हणजे लोणी लावलेल्या पाटावर थापतात आणि निवाल्यावर वड्या कापतात. कापतांना निघालेल्या तुकड्यांवर मुलांचा हक्क असतो. ह्या वड्या नेवऱ्या, दोदोल आणि इतर पदार्थांबरोबर ताटांत मांडून शेजारींपाजारीं वाटतात. ह्या वाणवश्याला ‘कुस्वार’ किंवा ‘कोन्सुआदा’ म्हणतात. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. चिमाजी अप्पांनीं ती घेतल्यावर पोर्तुगीज गेले, पण हा पदार्थ गेला नाहीं. वसई, वांद्रें आणि साष्टी भागांतील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या ताटांत ही वडी आजही असते. तिला इंग्रजी वळणानें ‘ग्वाव्हा चीज’ म्हणतात, जरी तिच्यांत दुधाचा थेंबही नसतो.

जेली ही ह्या वडीची धाकटी आणि जरा नखरेल बहीण. पेरादींत साऱ्या गराचा उपयोग होतो. जेलींत फक्त गाळलेला स्वच्छ रस. तिची आवड इंग्रजांची. भाजलेल्या मांसाबरोबर तांबड्या करंट नांवाच्या आंबट फळांची जेली खाण्याची त्यांना सवय; करंटचीं झुडपें हिंदुस्थानच्या मैदानी मुलखांत होत नाहींत. वेस्ट इंडीजमधील इंग्रज वसाहतवाल्यांनीं पेरूची जेली आधींच रूढ केली होती. हिंदुस्थानांतील इंग्रज मडमांनीं तीच वाट धरली आणि थंड हवेच्या ठिकाणीं रानांतल्या करवंदांचीही जेली करविली. येथेंही ‘करविली’ हाच शब्द योग्य. मडम पुस्तक वाचीत असे आणि खानसामा चुलीपाशीं उभा असे.

हा पदार्थ घट्ट कां होतो, हें तोंवर कोणालाच ठाऊक नव्हतें. १८२५ सालीं हेन्री ब्राकोनो ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें फळांतील हें थिजविणारें द्रव्य वेगळें केलें आणि ‘थिजणें’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला पेक्टिन हें नांव दिलें. पेक्टिन हें वनस्पतींच्या पेशींना एकमेकींशीं जोडून ठेवणारें द्रव्य. फळ शिजविलें म्हणजे तें पाण्यांत उतरतें. आम्लामुळें त्याच्या लांब धाग्यांचें एकमेकांस दूर सारणें कमी होतें आणि साखर त्यांच्याभोंवतालचें पाणी ओढून घेते. मग ते धागे एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यांत रस अडकून राहतो. तिघांपैकीं एक कमी पडला तरी बेत फसतो. पेरूंत पेक्टिन विपुल आहे, परंतु पूर्ण पिकलेल्या पेरूंत आम्ल कमी आणि पेक्टिनही विरघळूं लागलेलें. म्हणून जेलीसाठीं थोडे अर्धेकच्चे पेरू मुद्दाम घ्यावे लागतात आणि लिंबाचा रस पिळावा लागतो. गोव्यांतील निरक्षर स्त्रियांनीं तीनशें वर्षें जें अनुभवानें पाळलें, त्याची उपपत्ति अशी मागाहून आली.

मराठी पांढरपेशा घरांत जेली येण्यास तीन अडचणी होत्या. पहिली शंकेची. इंग्रजी ‘जेली’ ह्या एकाच नांवाखालीं दोन पदार्थ येतात. एक फळांच्या रसाचा. दुसरा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचा. दोन्ही थरथरतात, दोन्ही काचेसारखे दिसतात. तेव्हां शाकाहारी घरांतील आजीबाईंनीं जेलीचें भांडें स्वयंपाकघरांत येऊं दिलें नाहीं, ह्यांत त्यांचें अज्ञान नव्हतें, सावधगिरी होती. घरच्या जेलींत पेरू, साखर, लिंबू आणि पाणी ह्यांखेरीज कांहीं नसतें, हें डोळ्यांसमोर करून दाखविल्याशिवाय ती शंका फिटणारी नव्हती. दुसरी अडचण संवयीची. मराठी सुगरणीला पाकाची पारख उत्तम. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे टप्पे ती बोटांनीं ओळखते. पण जेली पाकानें घट्ट होत नाहीं, फळानें घट्ट होते. तार किंवा गोळी येण्याची वाट पाहिली तर जेलीचा चिकट चिक्कीसारखा गोळा होतो. तिसरी अडचण फळाची. एकाच बाजारांत निरनिराळ्या गुणांचे पेरू येत. ह्या बाबतींत पुण्यानें मोठें काम केलें. पुण्याजवळ गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रांत चीमा आणि देशमुख ह्या तज्ज्ञांनीं रोपांतून निवड करून ‘लखनौ ४९’ ही जात पुढें आणली. १९२७ सालचें हें काम. पुढें तिलाच ‘सरदार’ हें नांव मिळालें आणि ती देशभर पसरली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मराठींत पाकशास्त्राचीं मोठालीं पुस्तकें निघूं लागलीं. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें ‘गृहिणीमित्र’ हें त्यांतील एक विशेष लोकप्रिय. मुलींच्या शिक्षणांत गृहशास्त्र हा विषय आला. शाळा-कॉलेजांत शिकून आलेली सून आणि जन्मभर चुलीपाशीं काढलेली सासू, अशा दोघी पेरूच्या टोपलीसमोर बसल्या, तेव्हां एका नव्या व्यवहाराला आरंभ झाला. सून पुस्तकांतील प्रमाण वाचून दाखवी. फोडी सालीबियांसह चिराव्या, कारण पेक्टिन तेथें बरेंच असतें. त्या बुडतील इतकेंच पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवाव्या. पातळ कापडांत बांधून रात्रभर टांगून ठेवाव्या. सासूबाईंना पुरचुंडी पिळण्याचा मोह अनावर होई. चक्क्याच्या संवयीनें त्यांचा हात तिकडे वळे. पण पिळलें कीं रस गढूळ होतो, हें एकदां पाहिल्यावर दुसऱ्या वर्षीं त्याच मुलांना पुरचुंडीपासून लांब ठेवीत. चार वाट्या रसाला तीन वाट्या साखर, एका लिंबाचा रस, पसरट कल्हईचें भांडें आणि मोठी आंच. फिकट रस उकळतां उकळतां माणकासारखा तांबूस होतो. पाण्याच्या उकळबिंदूहून सुमारें साडेचार अंश सेंटिग्रेड वर उष्णता गेली म्हणजे जेली तयार, असें पुस्तक सांगे. पण घरांत उष्णतामापक कोठून असणार? तेथें सासूबाईंची नजर कामास येई. गार बशींत थेंब टाकून बोटानें सारला आणि त्यावर सुरकुती पडली, किंवा डावावरून रस थेंबाथेंबानें न गळतां दोन थेंब एक होऊन पडद्यासारखे ओघळले, कीं भांडें उतरावयाचें. सुनेचें शास्त्र आणि सासूची पारख ह्या दोहोंची सांगड पडली तरच बरणीतली जेली सकाळीं काढतांना आपला आकार धरून राही. नाहीं तर तिचें सरबत होई, आणि तेंही मुलें आनंदानें पीत.

स्वातंत्र्यानंतर फळांच्या पदार्थांचे कारखाने वाढले. १९५५ सालच्या सरकारी आदेशानें जेलींत फळाचा भाग किती आणि विद्राव्य घटक किती असावे, ह्याचीं किमान प्रमाणें ठरविलीं. आतां जेलीची बाटली कोणत्याही दुकानांत मिळते आणि कोणी तिला साहेबी म्हणत नाहीं. जगांत सर्वांत अधिक पेरू भारतांत पिकतो. मुलांना सांगितलें कीं हें फळ परदेशांतलें, तर तीं हंसतात.

त्यांचें हंसणें एका अर्थीं बरोबर आहे. वस्तु आपली कीं परकी, हें ती कोठून आली यावरून ठरत नाहीं. तिच्यासाठीं कोणी हात भाजून घेतले आणि ती कोणाच्या ताटांत वाढली, यावरून ठरतें. म्हणून पेरूच्या ह्या चरित्रांत सनावळ्यांइतकेंच महत्त्व हातांना आहे. घरांत माणसें जमून, बोलत-हंसत, पाळीपाळीनें डाव फिरवून जी जेली होते, तिची विद्या ज्यांनीं प्रथम बसविली त्यांना घर नव्हतें, आणि केलेल्या पदार्थावर त्यांचा अधिकारही नव्हता. रस्तोरस्तीं मुरंबे विकीत फिरणाऱ्या त्या अनाम मुलींचा इतिहासांत एवढाच पुरावा शिल्लक आहे: एका परक्या चिटणिसाच्या चार ओळी, आणि हिंवाळ्यांत कोठल्या तरी स्वयंपाकघरांत गार बशीवर पडणारी ती बारीक सुरकुती.